गाळलेली ओळ

बास मी वाजवायचो, म्हणून मला कुणी विचारत नाही.
तरी सांगतो.

गाणं आमचं. कोत्का बंदर, एकाहत्तर साल,
करवतीच्या पात्यांच्या दुकानावरची खोली,
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे,
आणि ताइस्तोला पडसं.
दोन तासांचं भाडं भरलेलं, शिंका धरून चार कडवी उरकली.
तिसऱ्यात एक ओळ कमी पडत होती,
ती त्याने येताना बसमध्ये
तिकिटाच्या पाठीवर पाडली होती:
तू गेलीस तर समुद्र गोठेल.

आता आमच्याकडे समुद्र दरवर्षीच गोठतो,
ती असली तरी.
मी म्हणालोही तसं.
तो म्हणाला, यमक जुळतंय ना, मग गप बस.

गाणं एक उन्हाळा चाललं.
मग ताइस्तो कागद गिरणीत लागला, मी पोस्टात.

पण रेडिओच्या लाटांना पासपोर्ट कुठे लागतो.
आखातापलीकडे, एस्टोनियात,
जिथलं पत्र आपल्याआधी दोघे-तिघे वाचायचे,
उर्वे नावाची मुलगी स्वयंपाकघरात
रेडिओच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर धरून बसली होती.
तिसऱ्या कडव्याला शेजारच्या हेल्दुरने मोपेडला किक मारली.
एवढंच.
खरखर, फटफट, आणि ओळ गेली.

पुन्हा लागेल म्हणून तिने बरेच शनिवार वाट पाहिली.
विचारणार कुणाला?
शेवटी त्यांच्या बँडने गाणं बसवलं तसंच, भोकासकट.
अकॉर्डियन घातलं, चाल थोडी पळवली,
आणि त्या जागी आल्यावर उर्वेने ओठ मिटले
नि नुसती गुणगुणली.

त्र्याण्णव साली आम्ही बोटीने गेलो, स्वस्त बिअर आणायला.
तालिनच्या हॉटेलात कुणाचंसं लग्न.
अकॉर्डियन सुरू झालं आणि ताइस्तोचा काटा
हेरिंगसकट हवेत थांबला.
पहिलं कडवं, दुसरं,
तिसऱ्याला दीडशे माणसांनी एकदम ओठ मिटले,
नवरीने, नवऱ्याच्या आजोबांनी,
ताटल्या उचलणाऱ्या पोरानेसुद्धा.
हं हं हं, हं हं.
बंद दाराआड कुणी बोलावं
आणि शब्द न कळता सगळं कळावं, तसं.
मी बासवाला, कवितेतलं मला कळत नाही,
पण मानेवर शहारा आला, खोटं कशाला सांगू.

ताइस्तो उठला. गाणं आमचं आहे हे सांगायलाच उठला,
खिशातून कंगवा काढून केसही सारखे केले.
उर्वे आता चष्म्याला दोरी लावते.
आमची बोली तिच्या कानावर पडली असावी,
त्याने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली,
तुम्ही तिकडचे ना? मग तुम्हाला ठाऊक असेल.
तिथे, तिसऱ्या कडव्यात, काय होतं?

बावीस वर्षांत तिने त्या जागी
काय काय घालून पाहिलं असेल.

ताइस्तोने माझ्याकडे पाहिलं.
कंगवा खिशात ठेवला.
मलाही तिथे, तो म्हणाला,
कधी नीट ऐकू आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कोत्काच्या धक्क्यावर आम्हाला बोलावलं.
घडीच्या खुर्च्या, सॉसेजचा धूर, आमच्याच वयाची माणसं.
तिसऱ्या कडव्याला तो माइकपासून मागे सरला,
ओठ मिटून, डोळेही.
लोकांना वाटलं, विसरला बिचारा.
सगळ्यांनी मिळून, जीव तोडून, ओरडून
सांगितलं त्याला
समुद्राचं काय होईल ते.