औषधाच्या पाकिटामागचा रस्ता

सोमवारी बेकरी बंद असते.
नखांतलं पीठ नखांतच ठेवून
मी सायकल बाहेर काढते,
आणि फिर्मां देल्पेश खिशातून औषधाचं रिकामं पाकीट काढतो,
उलटं करतो, पेन्सिल जिभेला लावतो,
मला रस्ता आखून देतो.

एकतीस वर्षं त्यानं या पठारावर टपाल वाटलं.
त्याच्या नकाशात किलोमीटर नसतात.
गिरणीपासून पुढे 'दोन कुत्री',
मग 'एक कुत्रं, पण नुसतंच तोंडाळ',
मग नाक तुटलेला दगडी संत.
"क्रांतीत गेलं ते," फिर्मां सांगतो,
जसं काही मागच्या गुरुवारी.
मग अक्रोडांची रांग, तिथे गियर बदलायचा.
"पुढे जाऊन बदलशील
तर साखळी रडेल, आणि तूही."

पाकिटाच्या छापील बाजूला लिहिलंय:
रोज एक गोळी, जेवणानंतर.

व्हेर्नासाकच्या जुन्या बाजारात
लाकडी छपराखाली धान्याची मापं आहेत, दगडातच कोरलेली.
कडा झिजल्यात, हात फिरून फिरून,
कुणाचं माप भरलं, कुणाचं जरा कमी.
सगळ्यात लहान मापात माझी पाण्याची बाटली
बरोब्बर बसते.
पलीकडे दोन म्हातारे बाकावर,
त्यांच्यात पुरेसं अंतर, जुनं भांडण मावेल एवढं.

मग चुनखडीचा प्रदेश.
रस्ता पांढरा, भिंती पांढऱ्या, जिभेवरची धूळ पांढरी.
नुसते दगडावर दगड, मध्ये काही नाही,
तरी भिंत उभी.
काळा चष्मा घातल्यासारख्या मेंढ्या
मान वर करून बघतात,
ही कोण, हिला एवढी घाई कसली.

नकाशाच्या मधोमध रेषेला एक शेपूट आहे.
मुख्य रस्ता सोडून वर जातं
आणि त्याच वाटेनं परत येतं.
शेजारी बारीक अक्षरात:
वर. दोनदा घंटी. थांबायचं नाही.

का, ते लिहिलेलं नाही.

चढ असा की हॅंडल छातीशी येतं.
पोटऱ्यांत गोळे, कानांत स्वतःचाच श्वास,
वळणावर ज्युनिपरचा उग्र वास,
आणि मी फिर्मांला मनातल्या मनात
बेकरीत बोलता न येणारं सगळं बोलून घेतलं.
यात बघण्यासारखं काय आहे?
एक घर. चौकटीवर १७८२.
गंजलेल्या टपालपेटीत एका पाखराचं घरटं,
निळ्या रंगाचे पोपडे निघालेली खिडकी, बंद.

दोनदा घंटी वाजवली.
थांबायचं नव्हतं, पण पाय उचलेनात.

खिडकी बोटभर उघडली.
"आज काही नाही?"
आवाज विचारणारा नव्हता,
हजेरी घेणारा होता.
मी म्हटलं, "आज काही नाही."
"बरं," आतून आलं,
आणि खिडकी मिटली, हळूच,
ओव्हनचं दार नीट लागावं तशी.

उतारावर ब्रेक तापले.
डोळ्यांत पाणी, ते वाऱ्यानं, असं मी ठरवलं.
खालचं गाव, त्याचा मनोरा, त्याची नदी
एकदम अंगावर आली,
आणि कुठलंच कुत्रं भुंकलं नाही.

मंगळवारी फिर्मां नेहमीसारखा अर्धा पाव घ्यायला आला.
सुटी नाणी मोजून ठेवली.
"चढ कसा होता?"
"होता."
"ब्रेक तपासून घे," म्हणाला, आणि गेला,
गुडघा दुमडू न देता, पायरी टाळून, उतरणीवरून.

काल नवं पाकीट दिलंय.
या वेळी रस्ता नदीपलीकडून, कबुतरखान्याच्या बाजूनं,
लांबचा, उगाच वळसे घेत जाणारा.
मधोमध तेच शेपूट. तीच बारीक अक्षरं.
मी पाकीट उलटून पाहिलं:

रोज दोन गोळ्या, जेवणानंतर.