बाराशे चाळीस ग्रॅम

डुलुथचा हॉकीचा हॉल, बर्फ भरायच्या आधीचा सप्टेंबर.
लांबच लांब टेबलं, त्यांवर आइस्क्रीमचे असतात तसे डबे,
डब्याडब्यात एकेक वेटोळं.
केळ्याच्या रंगाचे, पांढरेफटक, ढगाळ चट्ट्यांचे,
एकेकाच्या किमतीत माझी जुनी गाडी आली असती.
मी म्हटलं, साधा दाखव. तपकिरी.

मानेवर कोळी गोंदलेला पोरगा.
नातवासाठी का?
नाही, मला.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काठीकडे.
तीस वर्षं जगतात हे, मॅडम. कधी जास्तही.
मी एकाहत्तर.
हिशोब दोघांनाही येत होता.

नवजात बाळांच्या वॉर्डात चाळीस वर्षं काढली,
उचलायचं कसं ते मला कुणी शिकवायला नको.
पोटाखाली बोटं, घाई नाही.
तोंडाच्या कडा कोरड्या, श्वासाला शिट्टी नाही,
कणा हाताला टोचत नाही.
विचारलं, शेवटचं कधी खाल्लं?
अंड्यातून इथेच निघाला, की रानातून पोत्यात घालून आणला?
पोरगा वही शोधत होता तोवर सापाने
डोकं आत ओढून
माझ्या तळहातात स्वतःची मूठ करून टाकली.

काचेची पेटी. या टोकाला बत्तीस अंश, त्या टोकाला सव्वीस.
लपायला दोन जागा, पाण्याचं जड भांडं.
फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या पिशवीमागे उंदीर.
बहीण सॉल्वेग जेवायला यायची बंद झाली.

थर्मोस्टॅट बिघडला तेव्हा मावुली आला,
टोगोचा, विजेची कामं करतो.
पेटीपुढे त्याने टोपी काढली.
आजीच्या गावी हा घरात शिरला तर हाकलत नाहीत, म्हणाला,
हलकेच उचलून शेताच्या कडेला पोचवतात.
मग आवाज उतरवून त्याच्याशी काही बोलला.
मी अर्थ विचारला नाही.

नोव्हेंबरपासून खाणं बंद.
दर रविवारी बाळांच्या जुन्या काट्यावर:
बाराशे चाळीस. बाराशे एकोणतीस. बाराशे सोळा.
हिवाळ्यात उपास करतात, घाबरू नका, पुस्तकं सांगतात.
पुस्तकांना काय जातंय सांगायला!

जानेवारीत वीज गेली. बाहेर उणे एकतीस.
उशीच्या अभ्र्यात घालून
स्वेटरच्या आत, पोटाशी धरला, रात्रभर.
एकदाच हलला, उजवीकडून डावीकडे,
पोटातलं बाळ फिरावं तसा,
असं म्हणणार होते.
पण मला काय माहीत? मी इतरांचीच उचलली.

मार्चमध्ये, काही कारण नसताना, खाल्लं.
पंधरवड्याने कात टाकली, अखंड,
डोळ्यांच्या चकत्यांसकट.

वकिलाने मान खाली घालून लिहून घेतलं:
साप, पेटी, काटा,
मावुलीच्या एसिनामला, तिला हवा असेल तर.
ती शनिवारी आली. वय नऊ, दोन दात पडलेले.
नाव काय याचं?
ठेवलंच नाही अजून.
बरं, म्हणाली, आणि वहीत तारीख घातली.

मी तिला दाखवलं:
काट्यावर ठेवलास ना, की हात काढून घ्यायचा.
नाहीतर आपलंही वजन
त्याच्यात धरलं जातं.