बोरू

आई त्याला बोरूच म्हणते.
रीड हा शब्द येत नाही असं नाही,
चष्म्याच्या दुकानात दिवसभर इंग्रजीतच काचा घासते ती,
पण फोनवर विचारते, "झाले का गं बोरू तासून?"
आणि नाशिकच्या मावशीला समजावते:
ओबो म्हणजे सनईसारखंच, फक्त काळं,
आणि लग्नात वाजवत नाहीत.

ग्लासगोत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघी
चाकू घेऊन बसतो. बोलत नाही.
फ्रान्सहून आलेला वेत, भिजवलेला,
त्यावर लाल दोरा, घट्ट,
मग खरवडायचं. केसाएवढं. केसाच्या निम्म्याएवढं.
मिसेस हॅलिडे दिव्यासमोर धरून बघतात,
म्हणतात, काढलेलं परत लावता येत नाही, बरं का.
दहातले सात मरतात.
उरलेल्या तिघांतला एखादा बोलतो,
दोन आठवडे.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, इथे संगीत शिकवतात.
सुतारकाम शिकवतात.
आणि भिंतीपलीकडच्या ट्रॉम्बोनला
रोज सकाळी नव्याने माफ करणं.

मी आले ती राखीव यादीतून.
हे इथे कुणाला सांगत नाही.
स्लाउहून निघताना बाबांनी बसच्या दाराशी विचारलं,
नाही जमलं तर?
म्हटलं, जमेल.
म्हणाले, मी ते विचारलं नव्हतं.
अकरा मिनिटं. टेबलामागे तिघं, एकाच्या पेन्सिलीची करकर.
संथ भागात एके ठिकाणी श्वास चोरावा लागतो,
तिथे मी चोरताना पकडले गेले.
मग ऑगस्टपर्यंत काहीच नाही,
आणि एका मंगळवारी: एक जागा रिकामी झाली आहे.

म्हणजे कुणीतरी नको म्हटलं होतं.
पैसे जमले नसतील, लंडन मिळालं असेल,
किंवा एका सकाळी उठून
नुसताच कंटाळा आला असेल तिला.
ती मुलगीच होती असं मी का धरून चालते, माहीत नाही.

आज जांभळा टी-शर्ट घालून जिन्यात उभी आहे,
ऑडिशनच्या पोरांना खोल्या दाखवायला.
ओबानहून आलेला रुअरी,
अंगात बापाचं जॅकेट, ओठ पांढरे.
बोरूला टोकाशी चीर गेलीय.
एकच आणलास?
तीन आणले होते.
सहा मिनिटं उरलीत.

माझ्या डबीत चार.
एक चांगला. एक त्याच्या खालोखाल.
दोन वैऱ्यालाही देऊ नयेत असे.
चांगल्यावर शुक्रवारी माझी परीक्षा.

मी त्याला दुसरा दिला.
म्हटलं, खालच्या सुरांना हट्टी आहे जरा, गोंजारून घे.
त्याने विचारलं, हा तुझा सगळ्यात चांगला?
म्हटलं, हो.

नियम असा की आम्ही जिन्यापाशी थांबायचं.
मी दाराशी थांबले.
आतून माझंच खरवडणं ऐकू येत होतं
परक्या श्वासातून, माझ्याहून सावकाश.
संथ भागात त्याने श्वास कुठे घेतला
मला कळलंच नाही.
आणि पुढे, खालच्या एका सुरावर, अडखळला:
रविवारी रात्री झोपेच्या भरात
मी जिथे एक कातरा जास्त काढला होता,
बरोबर तिथे.

बाहेर आला तेव्हा बोरू पुसून परत देत होता.
ठेव, म्हटलं.
थँक्यू म्हणाला, दोनदा.

रात्री आईचा फोन, मागे शटर ओढल्याचा आवाज.
"झाले का बोरू?"
म्हटलं, एक कमी झाला.
"मग कर की नवा. त्यात काय एवढं?"

पेल्यात पाणी घेतलं, वेताचा तुकडा टाकला.
बराच वेळ तरंगत राहिला.
मग एका टोकाने
खाली जायला लागला.