येऊन राहिलो

सीताबर्डीत, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत
कूलर खडखडून राहिला.
सरांनी फळ्यावर लिहिलं: ॲम, इज, आर,
आणि क्रियापदाच्या शेपटीला आयएनजी.

"गजभियेबाई, करत आहे म्हणा.
करून राहिले, असं नाही."
मी म्हटलं, सर, पण आपल्या इकडे
माणूस काही करते म्हणजे
त्यात राहतेच ना थोडा.

सर हसले. खडूचा हात पँटीला पुसला.
मग म्हणाले, उद्याचं ठरलेलं असलं
तरी हाच काळ वापरतात:
आय ॲम कमिंग.

माझा पेन थांबला.
हे तर मला पाठच होतं.
संदेश पुण्याहून दर रविवारी सांगते,
"येऊन राहिलो ना, आई."

दोन उन्हाळे झाले.
अजून येऊनच राहिला.