चुना

बोट पहाटे चारला बांडाच्या धक्क्याला लागली.
पाठीवर मडकं, फडक्यात बांधलेलं.
रिकाम्या हाताने कुणी माहेरी जात नाही,
आणि हे माहेरच म्हणायचं,
चारशे वर्षांत कुणी न्यायला आलं नाही, एवढंच.

मी आमच्या भाषेत विचारलं, बाग कुठल्या बाजूला.
पोरगा हसला. मलयमध्ये म्हणाला,
मावशी, कुठल्या बेटावरून आलात?
याच, मी म्हणाले.
त्याला कळलं नाही. मी दोनदा सांगितलं नाही.

आमच्या गावात, तिकडे काई बेटावर,
जायफळाचे शब्द आहेत, झाड नाही.
कोवळ्या फळाला एक,
उकलायच्या आदल्या दिवशीच्या फळाला दुसरा,
वाऱ्याने पाडलेल्याला, पारव्याने गिळून टाकलेल्याला
वेगवेगळे.
मामा दगड उचलायचा : समजा, हे फळ.
आम्ही समजायचो.
पाढ्यांसारखं पाठ केलं सगळं,
चव माहीत नसताना.

ते आले तेव्हा, म्हणे, आम्ही शहाळी पाठवली.
अरब येत, जावाचे येत, चिनी येत;
पाहुणा म्हटला की सौदा, सौदा म्हटला की जेवण,
भांडण झालंच तर तेही जेवणानंतर.
यांनी कागद पुढे केला.
जाणत्यांनी त्यावर खुणा केल्या
पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून.
कागदात काय होतं
ते पुढे तोफांनी वाचून दाखवलं.

चव्वेचाळीस जाणते. बांबूचं कुंपण. पाऊस.
मामा इथे थांबायचा, विडी पेटवायचा,
आणि त्या पावसात काडी विझू नये म्हणून
हाताचा आडोसा धरायचा.

जे होडीत मावले ते काईला पोचले.
रोप घ्यायला कुणाला सुचलं नाही.
माणसं पोरं घेतात, कुराण घेतात, कोयता घेतात.
झाड काय, राहील, असं वाटतं.

झाड राहिलं.
त्याच्या राखणीला त्यांनी दुसरीकडची माणसं आणली,
बांधून.
आणि बी गलबतात भरताना चुन्यात बुडवायचे,
कुठे रुजू नये म्हणून.
जगाला वास मिळाला, कोंब कुणालाच नाही.
चुना फळाला लावला
की आम्हाला, हे आता कोण सांगणार.

बागेत पोनिमान भेटला.
हातात लांब काठी, टोकाला टोपली, मान वर.
त्याचा पणजोबा जावाहून करारावर आलेला;
तोही एक कागदच.
‘ही जमीन तुमची होती का?’
विचारताना त्याने काठी जरा घट्ट धरली.
मी म्हटलं, मला फक्त एक फळ बघायचंय.

त्याने उतरवलं. पिवळं, चिरलेलं,
आत ती लाल जाळी, ओली,
कुणी नुकतंच जन्मावं तशी.
मी शब्द उच्चारला.
तो म्हणाला, काय?
पुन्हा उच्चारला. त्याने म्हणून पाहिला, चुकला,
मामाने आम्हाला बडवलं असतं असा चुकला.
‘आम्ही नुसतं पिकलंय म्हणतो.’

मडकं त्याला दिलं.
माती काईची, घाट इथलाच, हातातून हातात आलेला.
त्याने आत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
म्हणाला, फडकं रिकामं कसं न्याल?
आणि ओंजळभर बिया बांधून दिल्या.
चुना न लावलेल्या.

परतीच्या बोटीत मी ती गाठ तीनदा सोडली.
आमची जमीन चुनखडीची आहे.
रुजेल, न रुजेल. रुजलंच,
तर झाड नर की मादी
हे सहा-सात वर्षं कळत नाही म्हणे.
अजून काय ते न कळलेल्या झाडालाही
आमच्याकडे एक शब्द आहे.
मी तो आजवर फक्त दगडाकडे बघून म्हटलाय.