सातवा आठवडा

मस्किगनला नोव्हेंबरातच तळ्यावरून बर्फ येतो.
डॅरिलने अँप्लिफायर आणला ब्लँकेटात गुंडाळून,
आजारी कुत्रं आणावं तसा.
"अठ्ठावन्नचा आहे," म्हणाला. "सोळा आणे. पाटी बघ."

पाटी पितळी. बारा हजार सातशे चाळीस.
माझ्या वहीत त्या नंबरासमोर अठ्ठावन्नच आहे.
वही माझीच, वीस वर्षांची,
शेकडो पेट्या उघडून भरलेली.

मागची फळी काढली.
तापलेल्या मेणाचा वास, धुळीचा,
कुठल्याशा बंद पडलेल्या बारमधल्या सिगरेटींचा.
आवाजाच्या बटणामागे आरसा धरला
तर दिसतात ठोकलेले सात आकडे:
तीन बनवणाऱ्याचे, मग एकसष्ट, मग शून्य सात.
एकसष्ट सालचा सातवा आठवडा.
अठ्ठावन्नच्या पोटात एकसष्टचं काळीज.

"बदललं असेल कुणीतरी."
नाही. डाग मूळचाच होता, मंद, राखाडी,
त्याला दुसरा हात लागलेला नव्हता.
आणि तळाशी चिकटपट्टीचा पिवळा तुकडा,
त्यावर पेन्सिलीने: ल्युडमिला.

रविवारी त्याचा फोटो घेऊन
विल्हेल्मिना पोस्टमाकडे गेलो, वृद्धाश्रमात.
पाट्या बसवायचं काम तिचं होतं.

"नंबर?" कवळी सावरत ती हसली.
"पाट्या कॉफीच्या डब्यात असायच्या.
नवा खोका आला की जुन्यांवरच ओतायचा.
हाताला लागेल ती घ्यायची.
तळातल्या तळातच.
एकदा डबा लवंडला, माझ्याच हातून.
तेव्हा वर आलं असेल तुझं अठ्ठावन्न."

वही माझ्या मांडीवर होती.
मी ती उघडली नाही.

फोटो तिने डोळ्यांजवळ नेला, मग लांब.
"लुडीचंच अक्षर.
ईस्टरच्या आदल्या शनिवारी गेली ती,
जेवणाच्या सुट्टीत, आठवड्याचा पगार न घेता.
डागणी तापलेलीच राहिली. मी बंद केली."
का गेली, ते मी विचारलं.
ती खिडकीबाहेर गाड्या मोजत राहिली.
मग मलाच म्हणाली,
"त्या वर्षी ईस्टर कधी होता रे?"

दोन एप्रिल. घरी येऊन पाहिलं.
म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून एक एप्रिलपर्यंत.
सहा आठवडे.
इतक्या जवळ मी कुठल्याच पेटीच्या गेलो नव्हतो.

डॅरिल हिशेब करत उभा राहिला,
तीन वर्षांचे आठशे डॉलर.
"कागदावर अठ्ठावन्न लिही ना. कोण उघडून बघतंय?"
मी लिहिलं: पाटी अठ्ठावन्नची.
पेटी एकसष्टची, ईस्टरच्या आधीची.
जोडणी, ल्युडमिला.
त्याने कागद न वाचता खिशात घातला.

तो गेल्यावर वही काढली.
बारा हजार सातशे चाळीससमोर
पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.
मग त्याच्या वरच्या नंबरासमोर.
मग खालच्या.