बाहेरच्या पाण्याचं वजन

लिलाव उठला की हर्णैच्या वाळूवर
काटा एकटाच उरतो,
परातीत बर्फाचं पाणी, दोन-चार खवले.
जनूभाऊ चोगल्यांनी ती पालथी केली,
सदऱ्याच्या टोकाने पुसली,
म्हणाले, आण तुझी तोफ.

तोफ म्हणजे प्रभुदेसाई सरांची दुर्बीण.
आठ इंची. निळ्या रंगाला पोपडे.
जाण्याआधी त्यांनी ती माझ्या नावे केली,
आणि माझ्याकडे होतं पुण्याहून हप्त्यांवर आणलेलं
एका हाताचं माउंट,
आकाश पाठ असलेलं,
पोटावर चिकटवलेलं: कमाल पाच किलो.

नळी, सहा दोनशे.
कडी नि पट्टी, नऊशे.
शोधक तीनशे. नेत्रिका दोनशे.
सोसायटीच्या वहीत मी लिहीत गेले
सुरमई-पापलेटांच्या खाली, त्यांच्याच रकान्यांत,
भाव कोरा ठेवून.

सात सहाशे.
तरी चढवली एकदा.
वाटलं, एका शनीपुरतं उचलेल.
मोटर कण्हली, जात्यात खडा आल्यासारखी,
आणि शनी दिसला, पण हिवताप भरलेला,
कडं कुठलं, गोळा कुठला कळेना.
मी पडद्याचं चाक फिरवायला बोट लावलं
तर तो चौकटीबाहेर.
झुळूक आली, परत बाहेर.
माउंट मात्र शपथेवर सांगत होतं
की ते शनीकडेच बघतंय.

"पाच लिवलाय ना? मग तीन धर.
होडीवर लिवलेला बोजा बंदरातला असतो, बाय.
भायेरच्या पान्याचा येगळा."
मग त्यांनी माझ्या हातात वल्हं दिलं.
मधे धर.
धरलं.
आता टोकाला धर.
मनगट वाळूकडे गेलं.
वल्हं तेवढंच होतं.

सरांनी मला कधी वजन सांगितलं नव्हतं.
शाळेच्या गच्चीचे एकोणतीस जिने
ते नळी खांद्यावर घेऊन चढायचे
आणि वर पोचल्या पोचल्या बोलायला लागायचे,
दम लागल्याचं आम्हाला कळू नये म्हणून बहुतेक.
आम्ही पोरी हातात वही घेऊन मागून यायचो.
मला वाटायचं, हलकी असेल.

शेवटी तिच्यासाठी तुळाजी मेस्त्रीने
होडीच्या उरल्या फळ्यांची पेटी केली, भुईवर बसणारी.
मोटर नाही, तारांची यादी नाही.
तारा सरकला की बोटाने ढकलायचं.
फळ्यांना अजून डांबराचा वास येतो,
आणि दहिवर पडलं की माशांचाही.

माउंटला मी आखूड नळी घेतली,
ऐंशी मिलिमीटरचं भिंग,
कडी, लोलक, नेत्रिका धरून दोन सहाशे.
काट्याने दोनदा तेच सांगितलं.
दुकानदार फोनवर म्हणाला होता,
अहो ताई, यावर अजून बरंच बसेल.
बसेल, मी म्हटलं.

खारा वारा पडतो
आणि मतलई अजून उठलेली नसते,
तेवढी पाऊण तासाची फट असते रोज.
त्यात मी तिवई रोवली, वाळूत नाही,
धक्क्याच्या सिमेंटवर.
अभिजित दाखवला. श्रवण दाखवला.
माउंटने दोन्ही मानले,
आणि डास गुणगुणावा तसं वळत वळत
थांबलं.

भाताच्या दाण्याएवढा.
कड्यासकट.
सरांच्या नळीत याच्या दुप्पट-तिप्पट दिसायचा,
ते खरंच आहे.
पण हा उभा होता.

जनूभाऊ बघायला आले.
स्टूल नको म्हणाले.
खिशातली किल्ल्यांची जुडी काढून आधी माझ्याकडे दिली,
मग दोन्ही हात पाठीमागे बांधले,
वाकले,
आणि श्वास सोडला तो
तोंड बाजूला वळवून.